कौलं आणि चिलखत

"सगळं उसवा," म्हणत इतिहासाच्या सरांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. "पट्ट्या उलट्या शिवल्यात तुम्ही. छपरावर कौलं कशी घालतात, पाहिलं नाही का कधी?"

तीन महिने खपून मी संग्रहालयासाठी मध्ययुगातल्या बायझंटाईन साम्राज्याच्या घोडेस्वाराचं चिलखत शिवलं होतं. हजारभर लोखंडी पट्ट्या, एकेक चामड्याच्या वादीत ओवलेली. मी जुन्या चित्राचा फोटो दाखवला. त्यातही खालच्या ओळीची कड वरच्या ओळीवर चढलेली होती.

"चित्रकार चुकला. त्याला युद्धातलं काय कळतंय?"

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून दोन्ही तऱ्हांनी शिवून पाहिलं. जरा बसा चिलखत मांडायच्या त्या लाकडी घोड्यावर."

सर हसत चढले. मी खाली जमिनीवर उभी राहिले. कौलांसारखा शिवलेला तुकडा त्यांना पोटावर धरायला लावला आणि खालून काठी रेटली. काठी पट्टीखाली शिरली आणि पोटाला टोचली. मग माझं चिलखत धरायला दिलं. काठी पट्ट्यांवरून घसरत वर हवेत गेली.

"कौलं पावसासाठी असतात, सर. पाऊस वरून येतो. घोड्यावरच्या माणसाला भाला खालून येतो."

सरांनी घोड्यावरूनच फोटो पुन्हा मागून घेतला. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षं वर्गात सांगतोय, चित्रकार चुकला म्हणून."

"मग उसवायचं आहे ते तुमचं हे वाक्य, चिलखत नव्हे," मी म्हटलं आणि त्यांची कात्री त्यांच्या हातात परत दिली.