जागा संपली

फोटो टाकायच्या साइटने फुकट्यांना दम दिला: जागा संपली, पैसे भरा नाहीतर फोटो उडवा. पैसे भरेल तो दशरथ कसला! घरच्या गणपतीत "ए, जरा आत सरका ना" म्हणत आख्ख्या घाटकोपरच्या नातेवाइकांना छळणारा हौशी फोटोग्राफर तोच. लेकीला, श्रुतिकाला, शेजारी बसवून तो फोटो उडवायला लागला. हललेले गेले, डोळे मिटलेले गेले. मग एक असा निघाला, की अर्ध्या आरतीवर त्याचंच जाडजूड बोट.

"वाट लावली रे, दशरथा! म्हणे फोटोग्राफर!" स्वतःलाच हसत तो उडवणार, तोच श्रुतिकाने त्याचा हात धरला.

"हा नको ना, बाबा. एवढ्या सगळ्या फोटोंत तू फक्त ह्याच्यातच आहेस."