मात्रा संपलेली माणसं

मिरजेच्या दवाखान्यात बापू घुगरे यंत्राला छाती टेकवून उभे राहिले आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'आयुष्यभराची किरणमात्रा संपली. फोटो निघणार नाही.'

तरुणपणी कुस्तीत बापूंची हाडं बऱ्याचदा मोडली होती. तेव्हाचा प्रत्येक एक्स-रे सरकारनं माणशी ठरवून दिलेल्या मात्रेतून वजा झाला होता. आता दोन महिने खोकला होता आणि थुंकीतून रक्त पडत होतं.

"राहू दे पोरी, नियम आहे," ते सदरा उचलत म्हणाले.

"थांबा बापू," एक्स-रे काढणारी निलोफर म्हणाली. "एका फोटोत जेवढे किरण लागतात, तेवढे दहा-बारा दिवसांत माती-हवेतूनच अंगाला लागतात. आजार मात्र थांबायचा नाही."

तिनं स्वतःचा अंगठा टेकवून यंत्राचं कुलूप उघडलं. फोटोत फुप्फुसावर क्षयाचा डाग दिसला, पण लहान होता.

"वेळेत सापडला. औषधानं बरे व्हाल," डॉक्टर बापूंना म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर नवा मजकूर आला: 'नियमभंग. निलोफर मुजावर यांचा परवाना उद्यापासून स्थगित.'

निलोफरनं तो दोनदा वाचला. डॉक्टरांची चिठ्ठी असूनही मात्रा संपली म्हणून परत पाठवलेले या महिन्यात सात जण होते. तिनं पहिल्याला फोन लावला.

"आजच या," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मी आहे."