उघड्या फाइली

काल रात्री वसुंधराने आपण लिहिलेला तो भाग पुसला, लायब्ररी पुन्हा बांधली आणि खुर्चीला टेकून बसली. आता होऊ दे मालकाची चारचौघांत शोभा.

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती. मोठ्या प्रोग्रॅमचे तुकडे वेगवेगळ्या ऑब्जेक्ट फाइलींत असतात. ते वाचून एकत्र जोडणारी लायब्ररी तिने वर्षभर खपून लिहिली होती. मशीन एका वेळी साठच फाइली उघड्या ठेवू देई. म्हणून तिच्या त्या भागाचं काम एवढंच, की नवी फाइल उघडायची वेळ आली की बराच वेळ न लागलेली एखादी गुपचूप बंद करायची, आणि लागली की जिथे सोडली तिथूनच पुन्हा उघडायची. पाहणाऱ्याला वाटे, सगळ्याच उघड्या आहेत.

पुण्याच्या कारखानदारांसमोर मालक इंद्रजीत कर्णिकने ही करामत स्वतःच्या नावावर खपवली होती. वसुंधरा तेव्हा शेजारी चहाचे कप गोळा करत होती. टाळ्या वाजल्या, तिनेही वाजवल्या. तो दिवस तिच्या मनात सलत राहिला होता.

आज त्याच कारखानदारांपैकी साने आपला भलामोठा प्रोग्रॅम टेपवर घेऊन आले होते. शेकडो फाइली. साठ उघडल्या की मशीन हात वर करणार, आणि ‘निर्मात्या’ला कारण सांगता येणार नाही. घामाघूम झालेला इंद्रजीत तिला आत्ताच दिसत होता.

टेप चढली. इंद्रजीत उभा राहिला.

“सानेसाहेब, पुण्यात मी खोटं बोललो. हे काम माझं नाही, वसुंधराचं आहे. यापुढे हा विभागही तीच बघेल.” त्याने खुर्ची मागे ओढली. “ये वसुंधरा. तूच चालव.”

थांबा म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. साने कौतुकाने बघत होते. इंद्रजीतही बघत होता, जरा जास्तच वेळ. तिने बटण दाबलं.

फाइलींची नावं सरसर पडद्यावर उतरली आणि थबकली. फार फाइली उघड्या आहेत, पुढे जाता येत नाही, असं सांगून मशीन गप्प झालं.

“अहो, हे काय?” साने म्हणाले.

“चूक माझी,” इंद्रजीत शांतपणे म्हणाला. “तिचं चांगलं चाललेलं काम मी काल बदलायला गेलो.”

सानेंनी टेप उतरवून घेतली. हे आमच्या उपयोगाचं नाही, म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

इंद्रजीतने काल काहीच बदललं नव्हतं. वसुंधराला ते पक्कं ठाऊक होतं.

“सर, तुम्ही खोटं का बोललात? तो भाग...”

“नव्हता. सकाळीच पाहिलं मी.”

“मग मला चालवायला का दिलंत?”

इंद्रजीत खिडकीशी गेला. खाली साने रिक्षात बसत होते.

“मला वाटलं, तू थांबशील.”