गट क्रमांक सात

जावई प्रोग्रामर, त्यात स्वतंत्र विचारांचा. त्यामुळे सासूबाईंची मालिका सुरू झाली की त्याचं प्रवचनही सुरू.

"आई, तुम्ही सगळे कळपातले. ॲपने दाखवलं की निमूट बघायचं! मी स्वतःच्या डोक्याने चालतो. मला कुठल्याच गटात बसवता येणार नाही."

त्या ॲपच्या प्रेक्षकांचे गट पाडणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. गटांना नावं मात्र यंत्रच द्यायचं.

"मग दाखवा बघू आपल्या दोघांचे गट," सासूबाई म्हणाल्या.

त्याने ऐटीत लॅपटॉप उघडला. सासूबाईंच्या नावापुढे होतं, 'गट तीन : कौटुंबिक मालिकावाले. सदस्य नऊ लाख.'

जावयाच्या नावापुढे होतं, 'गट सात : कुठल्याच गटात न बसणारे. सदस्य एकेचाळीस लाख.'