चार बोटं कापूस

दीड तास होत आला तरी सायकलवरून एकही शिवी आली नाही, तेव्हा तिने शिलाई मशीन थांबवलं.

पाठीच्या कण्यातली गाठ काढल्यापासून नवरा रोज दोन तास घरातच सायकल मारायचा. पाय चालते राहावेत म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेला माणूस. पण या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीने त्याला रडकुंडीला आणलं होतं. रस्त्यावर खड्डा येतो, चढ येतो, माणूस आपोआप सीटवरून उठतो. इथे नुसतं बसायचं. त्याने सीट वर केली, खाली केली, एकावर एक दोन चड्ड्या घातल्या. आग काही थांबेना.

“जगाला गाद्या-उशा शिवून देतेस,” तो रोज करवादायचा, “आणि नवऱ्याच्या बुडाखाली चार बोटं कापूस घालवत नाही तुझ्याच्याने! चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. आणि चमडी कुणाची, तर माझी!”

“दुखतंय ना? मग ठीक आहे,” एवढंच ती म्हणायची. तो तिला जल्लाद म्हणायचा.

आज मात्र तो चक्क शीळ घालत होता.

“दुखत नाही?” तिने विचारलं.

“अजिबात नाही. लोण्यावर बसल्यासारखं वाटतंय. सरावलो बघ शेवटी!”

ती मशीनवरून उठली. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर तिला एकटीला म्हणाले होते, “दुखतंय तोवर काळजी नाही. बसायची जागा बधिर झाली, तर समजा गाठ परत आली. या वेळी ती काढता येणार नाही.” नवरा मुळात भित्रा. त्याला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. उशी तर तिने पहिल्याच आठवड्यात शिवली होती. पण मऊ उशीने दुखणं थांबलं, तर खरं काय ते कळणार कसं? म्हणून ती कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली दडवली होती.

चोरली असेल. नक्की चोरली असेल, आणि आता चड्डीत खुपसून ऐटीत तिच्यावर बसला असेल. डब्यातली साखर तरी त्याने कधी सांगून खाल्ली होती? देवा, आज याला चोर ठरव. ती आतल्या खोलीत धावली. कपाट उघडून तिने घड्या उपसल्या.

बाहेर शीळ चालूच होती. उशी होती तिथेच होती.