अंगठ्याच्या रेषा

“लाव अंगठा,” म्हणत नवऱ्याने भामाला झिंज्या धरून गावात पैसे काढून देणाऱ्या बँकसखीच्या टेबलावर आदळलं. बांधकाम मजुरांची बाळंतपणाची सरकारी मदत कालच तिच्या खात्यात आली होती.

ठसा घेणाऱ्या यंत्रावर लाल दिवा लागला. त्याने तिचा अंगठा पुन्हा दाबला, मग चिडून उलटा पिरगाळला. हाड कडकन मोडलं. भामा किंचाळली, दिवा लालच राहिला.

“सिमेंट कालवून रेषाच झिजल्यात, दादा,” बँकसखी मान खाली घालून म्हणाली.

“हिचा अंगठासुद्धा फुकट.” तो थुंकला आणि निघून गेला.

मोटारसायकलचा आवाज विरल्यावर भामाने मोडका अंगठा पोटाशी धरला आणि डावी करंगळी यंत्रावर ठेवली. रेषा शिल्लक असलेलं तेवढं एकच बोट होतं, आणि ते दोघींनाच ठाऊक होतं.

दिवा हिरवा झाला.

“प्लास्टरपुरते काढ, ताई,” भामा म्हणाली. “बाकीचे पोरीला लागतील.”