न घेतलेलं नाव

नवऱ्याचं नाव आठवायला प्रमिलाकाकूंना परवा चार मिनिटं लागली, म्हणून त्या डोक्यातली मेमरी ड्राइव्ह तपासायला सुजयच्या दुकानात आल्या. काकाही बरोबर होते.

"ड्राइव्ह जुनी झालीय," सुजय म्हणाला. "वर्षानुवर्षं जे वाचलंच नाही, ते मंदावतं. हे नाव आत्ता वाचून नव्यानं लिहिलं नाही, तर पुसलं जाईल."

"वाचणार कधी? जन्मभर नुसतं 'अहो'!" काका हसले. "घे आता उखाणा."

"उखाणा नको. सरळ घेते."

काकूंनी डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, सात झाली. काकांचं हसू मावळलं. "राहू दे गं," ते पुटपुटले.

"गप्प बसा."

काकूंनी खुर्ची घट्ट धरली. "दिगंबर," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुन्हा, "दिगंबर."

"लिहिलं गेलं," सुजय म्हणाला. "आता रोज वाचत राहा."

"राहीन की. दिगंबर, चपला घाला, निघू."